लॅपटॉप की डेस्कटॉप: दुकानात जाण्याआधी घरातलं टेबल बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडचा फोन वाजायला लागतो. "दादा, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, पन्नास हजारांत कुठला बसेल?" मी उलट विचारतो, "ठेवणार कुठे?" पलीकडे क्षणभर शांतता. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं आणि मी टेबलाची चौकशी करत बसलेला असतो.

चिपळूणला माझं डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आहे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये मुळातच भिकार असं थोडं असतं. चांगलं मशीन चुकीच्या जागी नेऊन बसवलेलं, हेच जास्त. मागे एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. देवस्थानचे हिशेब त्यावर लिहितात. तक्रार एकच, "क्लिक होत नाही." लॅपटॉप आडवा धरून पाहिला तर खालचं झाकण तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलेलं. आतली बॅटरी फुगून टचपॅडला खालून रेटत होती. तीन वर्षं लॅपटॉप एकाच टेबलावर, चार्जर चोवीस तास लावलेला. "गुरुजी, हा कधी हलवला होता?" म्हणाले, "एकदा. घराला रंग काढला तेव्हा."

म्हणजे त्यांनी बॅटरीचे, छोट्या स्क्रीनचे आणि अवघडलेल्या मानेचे पैसे मोजले होते, आणि लॅपटॉपचा जो सगळ्यात मोठा फायदा, उचलून नेता येणं, तो तीन वर्षांत एकदा वापरला होता. (बॅटरी अशी फुगलेली दिसली तर मशीन लगेच बंद करा, चार्जर काढा आणि दुरुस्तीला न्या. दाबून बसवायला जाऊ नका, टोचायला तर मुळीच नको. पेट घेते.)

आधी आठ दिवसांची चिठ्ठी

फ्रिजवर एक कागद चिकटवा. आठ दिवस घरातल्या ज्याला ज्याला कॉम्प्युटरचं काम पडेल त्याने तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, किती वेळ आणि कुठे बसून. घरात कॉम्प्युटरच नसेल तर मोबाईलवर कसंबसं उरकलेलं किंवा बाहेरून करून आणलेलं कामही लिहा.

आठवडा संपला की फक्त "कुठे" हा रकाना वाचा. आठवड्यात दोनतीनदा तरी घराबाहेर काम झालं असेल, कॉलेज, साइट, गिऱ्हाईकाचं ऑफिस, एसटीतला प्रवास, तर लॅपटॉप घ्या. पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही, थेट स्टिकरवाल्या भागावर जा. होस्टेलला जाणाऱ्या मुलामुलींबाबतही वाद नको. खोलीत जागा नसते आणि सुट्टीला मशीन घरी आणावंच लागतं.

"हॉलमध्ये, मग बेडरूममध्ये, मग परत हॉलमध्ये" असं दिसलं तर घाई करू नका. हे हिंडणं बहुतेक वेळा टीव्हीमुळे असतं. टेबल बेडरूममध्ये हलवलं की प्रश्न मिटतो आणि लॅपटॉपची गरज उरत नाही. एकाच मशीनवर तिघेचौघे बसणार असतील तर डेस्कटॉप बरा. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडून द्या. आणि डेस्कटॉप सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असला की चिरंजीव काय बघतायत ते विचारावं लागत नाही.

घरी कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल आणि त्यावर बसून बसून पाठ धरत असेल, तर नवीन मशीन घेऊच नका. २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस घ्या. अर्ध्या लोकांचं काम एवढ्यात भागतं.

चिठ्ठीसोबत टेबलही मोजा. २४ इंची मॉनिटर जवळजवळ २१ इंच रुंद असतो आणि डोळ्यांपासून हातभर लांब हवा, म्हणजे टेबल निदान दोन फूट खोल पाहिजे. शिलाई मशीनच्या टेबलावर कीबोर्ड ठेवून मॉनिटर खिडकीच्या कठड्यावर ठेवणारे पाहिलेत मी. पहिल्या पावसात त्यांचा मॉनिटर माझ्याकडे येतो.

वीज: कोकणात अर्धा निर्णय इथेच होतो

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. ज्यांच्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्यात दिवे जातात त्यांनी नीट वाचा.

लॅपटॉपची बॅटरी हा फुकटचा यूपीएस आहे, म्हणजे वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. शिवाय लॅपटॉपच्या अडॅप्टरवर बघा, १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. संध्याकाळी व्होल्टेज ढासळून पंखा रेंगाळायला लागला तरी त्याला फरक पडत नाही. डेस्कटॉप घ्यायचा तर यूपीएस धरूनच हिशेब करा. बाजारात सगळ्यात जास्त खपणारा ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप) असतो. तो साधारण ३६० वॅट पेलतो आणि साध्या ऑफिसच्या कामाला बॅटरी नवी असताना पंधराएक मिनिटं देतो. ही पंधरा मिनिटं काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहेत, काम चालू ठेवायला नव्हेत. त्याची बॅटरी दोनतीन वर्षांनी बदलावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसच्या प्लगला कधीच लावू नका. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस चिरकून बंद पडतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस वाचवता येतो का? कधीकधी. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. इकोवर असताना वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो त्यात पंखा फिरत राहतो, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बटण यूपीएसकडे सरकवा, मेन स्विच पाडून बघा. मशीन टिकलं तर उत्तम. इन्व्हर्टर साइनवेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखीच वीज देणारा असावा. स्वस्त स्क्वेअरवेव्हवर काही पॉवर सप्लाय (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) नीट चालत नाहीत.

आता अर्थिंग. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला मागून हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि मशीन खराब निघालं म्हणतात. मशीन ठीक असतं. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून किंचित वीज बॉडीत येते आणि ती अर्थिंगने जमिनीत जायला हवी. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. डेस्कटॉप आणण्याच्या आदल्या दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग तपासा. हे शे-दोनशे रुपयांचं काम पुढे मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, वाचवतं.

बिलाचं म्हणाल तर साध्या कामाला डेस्कटॉप मॉनिटरसकट १०० वॅटच्या आसपास घेतो, लॅपटॉप २५ वॅटच्या. रोज ८ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर डेस्कटॉपचे २१ युनिट होतात आणि लॅपटॉपचे ५. युनिटला दहा रुपये पकडा, फरक महिन्याला दीडशे-पावणेदोनशेचा. ज्याला दिवसभर मशीन चालवायचंय त्याने हा फरक मोजावा. आठवड्यातून दोनदा बसणाऱ्याने विसरून जावा.

कामाची यादी, सॉफ्टवेअरच्या नावानिशी

"ऑफिसचं काम" असं लिहू नका. टॅली, एक्सेल, कोरलड्रॉ, ऑटोकॅड, फोटोशॉप, असं नाव लिहा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनी सीनियरना विचारून पहिल्या दोन वर्षांतली नावं काढा. मॅकबुक मागणारी मुलं दरवर्षी वाढतायत. मशीन सुंदर आहे, बॅटरी विचारूच नका, पण सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालत नाही आणि टॅलीही चालत नाही. मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलाला मॅक देऊन वर्षभराने दुसरं विंडोजचं मशीन घेणारे वडील मला माहीत आहेत. श्रीलिपीसारखे जुने मराठी फॉण्ट ज्यांना लागतात, त्यांनीही विंडोजच धरावं.

पत्रव्यवहार, ऑनलाइन अर्ज, हिशेब, व्हिडिओ बघणं, एवढ्याला कुठलंही बरं मशीन पुरतं. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, मोठे गेम असतील तर डेस्कटॉपचं पारडं जड होतं, आणि त्याचं कारण उष्णता. पातळ लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. पहिली पाच मिनिटं तो पळतो, मग धापा टाकतो. दुकानातल्या डेमोत ती पहिली पाच मिनिटंच दिसतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बिनाएसीच्या खोलीत तासभर लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायचा (एडिट करून पक्की फाइल काढायची) असेल तर मोठ्या पंख्याचं, हवेशीर कॅबिनेट हवंच.

सेतू, झेरॉक्स सेंटर किंवा क्लास चालवणाऱ्यांना प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम, पेनड्राइव्ह असं सगळं एकाच वेळी लागतं. लॅपटॉपला दोनतीन यूएसबी असतात. तिथे डेस्कटॉपच.

स्टिकरवर काय वाचायचं

"आय-फाइव्ह आहे ना?" एवढं विचारून लोक निर्धास्त होतात. आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे मशीनच्या मेंदूचं, नाव. लॅपटॉपमधला आय-फाइव्ह आणि डेस्कटॉपमधला आय-फाइव्ह हे आडनावबंधू आहेत, सख्खे भाऊ नव्हेत. नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. लॅपटॉपच्या प्रोसेसरला शेवटी यू असेल तर तो कमी विजेवर चालणारा, मूळ १५ वॅटच्या घरातला. एच असेल तर ४५ वॅटच्या घरातला, ताकदवान आणि गरम. डेस्कटॉपचा साधा प्रोसेसर ६५ वॅटचा. अलीकडे इंटेलने "आय" गाळून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं आणली आहेत, पण अक्षर बघायची सवय तीच ठेवा.

डेस्कटॉप जोडून घेताना इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल तर सावध. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीही उमटत नाही. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून लोक मागवतात आणि मग "डिस्प्ले येत नाही" म्हणून माझ्याकडे येतात.

रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबी आज जेमतेम, १६ जीबी आरामात. लॅपटॉप घेताना रॅम किती यापेक्षा ती वाढवता येते का, हे आधी विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. वर्णनात एलपीडीडीआर असं लिहिलेलं असेल तर जवळजवळ नक्कीच. अशा मशीनमध्ये ८ जीबी घेतलीत की जन्मभर ८ जीबी. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे दुकानदार कमी रॅमचं मशीन पुढे सरकवतात आणि "नंतर वाढवू" म्हणतात. स्लॉट उघडून दाखवायला सांगा.

डिस्क एसएसडीच (न फिरणारी, चिपवाली) हवी, शक्यतो एनव्हीएमई (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार), निदान ५१२ जीबी. फिरती हार्डडिस्क फक्त साठवणीला.

स्क्रीनकडे लोक सगळ्यात कमी बघतात, खरं तर दिवसभर बघायचं तिच्याकडेच असतं. फुल एचडी (स्पष्टपणा) आणि आयपीएस (पॅनलचा प्रकार) हे दोन शब्द हवेत. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन पॅनल असला तर मान जरा हलवली की रंग उलटतात. दुकानात स्क्रीन थोडी मागे-पुढे कलती करून बघा, लगेच कळतं.

पैसे मोजताना

डेस्कटॉप स्वस्त, हे अर्धसत्य आहे. लॅपटॉपच्या खोक्यात स्क्रीन, कीबोर्ड, कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय, बॅटरी आणि बहुतेकदा विंडोजचा परवाना असतो. डेस्कटॉपच्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा नुसतं कॅबिनेट आणि मॉनिटर असतो. म्हणून कोटेशनवर स्वतःच्या हाताने लिहा: यूपीएस, कीबोर्ड-माऊस, वेबकॅम, स्पीकर, वायफाय (स्वस्त मदरबोर्डवर नसतं), विंडोज. "विंडोज आम्ही टाकून देतो, तुम्ही कशाला पैसे घालता" असं कोणी म्हटलं तर ती चोरीची कॉपी असते. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करणार त्यावर ती नको.

एवढं धरूनही तेवढ्याच वेगाचा डेस्कटॉप सहसा थोडा स्वस्तच पडतो. पण खरा फरक चौथ्या वर्षी दिसतो. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला तर तो एकटा बदलतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला की कित्येकदा अर्ध्या किमतीचा आकडा ऐकून गिऱ्हाईक मशीन तसंच परत घेऊन जातं. मॉनिटर तर दोन कॅबिनेट पुरून उरतो.

वॉरंटीतही असंच. लॅपटॉपला एक वर्ष, बॅटरीची अट वेगळी वाचावी. जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला तीन ते पाच. "ट्रे" प्रोसेसर म्हणजे खोक्याशिवायचा, त्याची जबाबदारी विकणाऱ्याच्या शब्दावर. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो जाताना एकटा जात नाही.

मधल्या वाटा

मिनी पीसी नावाचा वहीएवढा डबा मिळतो, मॉनिटरच्या पाठीला अडकवता येतो. वीज लॅपटॉपएवढी, किंमत आटोपशीर, रॅम आणि डिस्क बहुतेकदा बदलता येते. ग्राफिक्सची जड कामं सोडली तर घरासाठी आणि छोट्या दुकानासाठी मी हल्ली हाच सुचवतो. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळं मशीन, मात्र मी सुचवत नाही. दिसतो छान, पण आत लॅपटॉप आणि बाहेर डेस्कटॉप: हलवता येत नाही, सुधारता येत नाही आणि स्क्रीन गेली की सगळंच अडतं.

मोठ्या कंपन्यांतून बदलून आलेली जुनी मशीनं, थिंकपॅड, लॅटिट्यूड, ऑप्टिप्लेक्स अशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि आता गावोगावी मिळतात. बांधणी मजबूत असते. फक्त एक बघा: विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलच्या प्रोसेसरची निदान आठवी पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन कितीही चकाचक पुसलेलं असलं तरी विंडोजसाठी नको. लॅपटॉप असेल तर दुकानदाराला विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा.

लॅपटॉप आणि घरी मॉनिटर, ही जोडीही उत्तम, पण मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये ही सोय असते. गुरुजींच्या नव्या बॅटरीला मी तेच करून दिलं.

दुकानात, आणि घरी आल्यावर

लॅपटॉप उघडून पाच ओळी मराठीत टाइप करून बघा. एंटरची कळ किती बारीक आहे, बोटं कुठे अडखळतात, ते तिथेच कळतं. पिशवीत घालून खांद्याला लावून बघा, चार्जरसकट. वेबकॅम, दोन्ही स्पीकर, प्रत्येक यूएसबी तपासा. डेस्कटॉप असेल तर तुमच्यासमोर जोडायला सांगा आणि अर्धा तास चालू ठेवा.

घरी कॅबिनेटच्या मागे चार बोटं जागा सोडा. पॉवर सप्लायच्या उबेला पाली येऊन बसतात आणि एक दिवस शॉर्ट होऊन स्वतःसकट सगळं संपवतात, मी स्वतः बाहेर काढल्यात. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद करून घ्या. पावसाळ्यात मशीन वापरात नसलं तरी दिवसाआड तासभर चालू करा, आतला दमटपणा जातो. लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी स्क्रीनच्या कडेपर्यंत पोचते.

आणि बॅकअप घ्या. मशीन कुठलंही असो, कामाच्या फाइली एका बाहेरच्या डिस्कवर आणि एका ऑनलाइन जागी. दर शनिवारी मी घेतो. आधी घेत नव्हतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझे दोन्ही डेस्कटॉप जमिनीवर होते, टेबलाखाली, पाय ठेवायच्या पट्टीला टेकून. लॅपटॉप तेवढा पिशवीत घालून माळ्यावर टाकता आला. पाणी ओसरल्यावर कॅबिनेटमधून चिखल चमच्याने काढला. मॉनिटर गेले, यूपीएस गेले, बारा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली गेल्या. तरी नंतर मी डेस्कटॉपच घेतला, कारण माझी चिठ्ठी अजूनही एकच जागा दाखवते. फक्त सुताराला बोलावून भिंतीवर लाकडी फळी मारून घेतली. पुराच्या पाण्याची तांबूस रेघ रंगाखालून अजून पुसट दिसते. फळी तिच्यापेक्षा हातभर वर आहे, आणि कॅबिनेटची वायर त्या मानाने आखूड पडली म्हणून पाच मीटरची नवी आणावी लागली.